‘कुठनं बघायचं?’ : ड्रॉइंगमधल्या व्ह्यूंना लेबलं देताना

वर्म गिअरबॉक्सचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, समोरून आणि मागून जवळजवळ सारखंच दिसतं. चारही बाजूंना बोअर (शाफ्टसाठीची मोठी गोल भोकं), बोअरभोवती बोल्टची भोकं, खाली पाय, वर झाकणाची चौकट. फरक असतो तो बारीक. एका भिंतीत तेल सोडायचा प्लग, समोरच्या भिंतीत तेलाची पातळी दाखवणारी काच, आणि मोटार बसते तिथला फ्लँज जरा मोठा. असल्या पार्टच्या ड्रॉइंगमध्ये कुठला व्ह्यू, म्हणजे एका बाजूनं पाहिलेलं चित्र, कुठल्या बाजूचा ते नीट लिहिलेलं नसेल, तर भोक कुठल्या भिंतीत पाडायचं हा प्रश्न मशीनवरच्या माणसाला पडणारच. तो पडू नये म्हणून आमच्या ऑफिसमधल्या ड्रॉइंगची व्ह्यू लेबलं मुळापासून पुन्हा बसवायचं काम मी अंगावर घेतलं, त्याची ही हकीकत.

आमचं वर्कशॉप सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आहे. हळद पॉलिश करायच्या ड्रमचे गिअरबॉक्स, बेदाण्याच्या मशीनचे सुटे भाग आणि गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांकडून येणारी दुरुस्तीची कामं, असा आमचा व्याप. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मिरजेजवळच्या एका फाउंड्रीतून येतं, मशिनिंग आमच्याकडे होतं. नवी ड्रॉइंग इन्व्हेंटर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आणि जुनी ऑटोकॅडमध्ये. त्याहून जुनी होती ती ट्रेसिंग पेपरवर, पण सांगलीच्या गावभागातल्या जुन्या ऑफिसात २०१९ च्या महापुराचं पाणी शिरलं आणि त्यातली बरीचशी गेली. राहिलेल्यांवरून आणि प्रत्यक्ष पार्ट मोजून ती पुन्हा काढायचं काम तेव्हापासून चालूच आहे.

कामाला निमित्त झालं ते बाहेरून आलेल्या एका ड्रॉइंगचं. पार्टी परदेशात माल पाठवणारी. ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये (व्ह्यू मांडायच्या दोन रीतींपैकी एक) होतं, आणि आमच्यापर्यंत आलेल्या प्रतीत टायटल ब्लॉकचा, म्हणजे नाव-नंबराच्या चौकटीचा, कोपराच कापला गेलेला, म्हणजे शंकूचा तुकडा आणि दोन वर्तुळं असलेली प्रोजेक्शनची खूण गायब. व्ह्यूंना लेबल एकही नाही. भारतात आपण सगळे फर्स्ट अँगलवर वाढलेलो. फर्स्ट अँगलमध्ये पार्ट डावीकडून पाहिला की तो व्ह्यू मूळ व्ह्यूच्या उजवीकडे काढतात, थर्ड अँगलमध्ये डावीकडेच. प्लगचं भोक विरुद्ध बाजूच्या भिंतीत पडलं आणि एक चांगलं कास्टिंग भंगारात गेलं. मशीनवरच्या पोराचा त्यात काही दोष नव्हता. त्यानं नेहमीच्या रीतीनं ड्रॉइंग वाचलं होतं.

मी आमचीच ड्रॉइंग काढून बघायला लागले. खूण जागेवर होती, पण लेबलांचा मेळ नव्हता. कुठं ‘फ्रंट व्ह्यू’ लिहिलेलं, कुठं काहीच नाही. एकाच ड्रॉइंगच्या पहिल्या शीटवर सेक्शन (पार्ट एका रेघेवर कापून आतलं दाखवणारा व्ह्यू) ए-ए आणि तिसऱ्या शीटवर वेगळाच सेक्शन, त्यालाही ए-ए. वर्षानुवर्षं ज्यानं त्यानं आपापल्या सवयीनं लिहिलेलं. सगळ्यात वाईट म्हणजे लेबलातला स्केल बऱ्याच ठिकाणी हातानं टाइप केलेला. शीटवर जागा पुरेना म्हणून कुणीतरी व्ह्यू १:२ चा १:५ केलेला आणि खाली लेबल मात्र अजून १:२ सांगतंय.

सेटिंग बदलायच्या आधी मी प्रिंटा घेऊन खाली शॉपमध्ये गेले. ऑफिसात बसून लेबल कसं असावं हे ठरवण्यात अर्थ नसतो, कारण ऑफिसात थ्रीडी मॉडेल समोर असतं. माउसनं फिरवलं की शंका मिटते. खाली फक्त कागद असतो, आणि हल्ली पुष्कळदा कागदही नसतो. व्हीएमसी मशीनवरचा ऑपरेटर लागेल तेवढ्या व्ह्यूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतो आणि त्यावरच काम करतो. त्या फोटोत टायटल ब्लॉक नसतो, खूण नसते, शेजारचा व्ह्यू नसतो. लेबल तेवढं असतं. ऑपरेटरनं मला असाच एक फोटो दाखवला आणि विचारलं, “मॅडम, हे बी-बी आहे ते कळलं. पण कापलंय कुठल्या शीटवर? बीची रेघ मी तिन्ही शीटवर शोधत बसलो.”

मग फाउंड्रीत गेले. तिथले पॅटर्नमेकर (साच्यासाठी लाकडी नमुना बनवणारे) मिस्त्री लाकडावर गेज धरून उभे होते. चाळीसेक वर्षं हेच काम करणारा माणूस. मी आमच्या हाउसिंगचं ड्रॉइंग त्यांच्या बाकावर पसरलं आणि विचारलं की व्ह्यूखाली काय लिहिलेलं बरं पडेल. त्यांनी ड्रॉइंग गोल फिरवून पाहिलं, पॅटर्न फिरवून पाहिला आणि म्हणाले, “ताई, नाव कायबी द्या. मी कुठनं बघायचं तेवढं लिवा.”

माझं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं राहिलं. लेबल वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत : पार्टच्या कुठल्या बाजूला उभं राहून बघायचं, ती बाजू किंवा काप कुठल्या शीटवर दाखवलाय, आणि हा व्ह्यू शीटच्या मुख्य स्केलपेक्षा वेगळ्या स्केलचा असेल तर किती. बाकी सगळं गाळायचं.

‘फ्रंट व्ह्यू’, ‘टॉप व्ह्यू’ हे शब्द मी पहिल्यांदा काढले. व्ह्यू आपापल्या जागी सरळ रेषेत असतील तर त्यांना नाव लागतच नाही, आणि गिअरबॉक्सला पुढचं-मागचं असं काही नसतं. ड्रॉइंग काढणाऱ्यानं ज्या बाजूनं सुरुवात केली ती त्याची ‘फ्रंट’. मिस्त्रींना ती कशी कळणार? त्याऐवजी पार्टच्या कामावरून नावं ठरवली : मोटार बाजू, आउटपुट शाफ्ट बाजू, ड्रेन प्लग बाजू, झाकणाकडून. हीच नावं असेंब्लीवाले बोलताना वापरतात, इन्स्पेक्शनवाले रिपोर्टमध्ये लिहितात. ‘मोटार बाजूनं पाहता’ म्हटलं की फर्स्ट अँगल असो की थर्ड, गोंधळाला जागा उरत नाही. भंगारात गेलेल्या त्या कास्टिंगच्या ड्रॉइंगवर एवढे शब्द असते तर पुरे झालं असतं.

सेक्शनला आणि बाणाच्या व्ह्यूला मात्र अक्षरच हवं. इथं मला आमच्या जुन्या ड्राफ्ट्समन नानांची आठवण झाली. ते रिटायर होऊन विश्रामबागला राहतात. पुरातून वाचलेली त्यांची काही ट्रेसिंग्ज मी घेऊन गेले. नानांनी हातानं काढलेली अक्षरं आजही बोट ठेवून वाचावीत इतकी स्वच्छ आहेत. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये जागेवरून हलवलेला प्रत्येक व्ह्यू बाणानं बांधलेला असे : मूळ व्ह्यूजवळ जाडसर बाण, त्याच्या शेपटीशी मोठं अक्षर, आणि हलवलेल्या व्ह्यूच्या वर तेच अक्षर. प्रोजेक्शनच्या आयएसओ मानकात ही पद्धत रेफरन्स ॲरो म्हणून दिलेली आहे. तिचा मोठा गुण असा, की व्ह्यू शीटवर कुठंही ठेवला तरी चालतो. बाण बघितला की कुठून पाहायचं ते कळतं. नानांनी आणखी एक सांगितलं. “बाण कसाही वाकडातिकडा येऊ दे, अक्षर मात्र शीटच्या खालच्या कडेकडून सरळ वाचता आलं पाहिजे. बघणाऱ्यानं मान वाकडी करायची नाही.”

अक्षरं कुठली घ्यायची यालाही रीत आहे. अमेरिकन एएसएमई वाय१४.३ या मानकात आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड ही सहा अक्षरं टाळायला सांगितली आहेत, आणि ऑटोकॅडच्या सेक्शन व्ह्यू स्टाइलमध्ये हीच सहा मुळात वगळलेली मिळतात. कारण तेलकट प्रिंट हातात घेतली की समजतं. आय आणि एक सारखे, ओ आणि शून्य सारखे, एस आणि पाच सारखे, झेड आणि दोन सारखे. एक्स तर ‘चार ठिकाणी’ हे ‘4X’ असं लिहिताना चारला चिकटून येतोच. आम्ही ती सहा सोडली. शिवाय एक नियम आमचा आम्ही केला : एका ड्रॉइंग नंबरात एक अक्षर एकदाच, शीट कितीही असोत. सेक्शन, डिटेल (बारीक भाग मोठा करून दाखवणारा व्ह्यू), बाणाचा व्ह्यू, सगळ्यांची रांग एकच. ड्रॉइंग रिलीज झाल्यावर एखादा सेक्शन काढून टाकला तर त्याचं अक्षर मोकळं ठेवायचं, मागची पुढं सरकवायची नाहीत. इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये ‘सेक्शन डी-डी’ लिहिलेलं असतं, सीएनसी प्रोग्रॅमच्या शेऱ्यात असतं, फोनवर बोलताना तोंडात असतं. रिव्हिजनमध्ये डीचा सी झाला तर हे सगळं खोटं पडतं.

आता सॉफ्टवेअरकडे. इन्व्हेंटरमध्ये मॅनेज टॅबवरून स्टाइल्स एडिटर उघडला की स्टँडर्डच्या आत व्ह्यू प्रेफरन्सेस आहे. फर्स्ट अँगल की थर्ड हेही तिथंच, आणि प्रत्येक प्रकारच्या व्ह्यूचं लेबल दाखवायचं की नाही, त्यात काय यायचं, हेही तिथंच ठरतं. ड्रॉइंग करणाऱ्या सगळ्यांना मी ज्या गोष्टीकडे लक्ष द्यायला सांगते ती ही : लेबलाच्या चौकटीत अक्षर, मधलं चिन्ह आणि स्केल यांच्या जागा कोनी कंसातल्या टोकननं धरलेल्या असतात. ते टोकन जिवंत आहेत. व्ह्यूचा स्केल बदलला की लेबलातला आकडा आपोआप बदलतो, सेक्शनचं अक्षर बदललं की रेघेवरचं आणि लेबलातलं दोन्ही बदलतं. ते टोकन पुसून त्या जागी हातानं आकडा टाइप केला, की त्या क्षणापासून लेबल मेलं. दिसायला काहीच फरक नसतो, म्हणून ते जास्त घातक. ऑटोकॅडच्या मॉडेलवरून काढलेल्या व्ह्यूंमध्ये हीच गोष्ट फील्डच्या रूपात असते. फील्ड पुसून साधा मजकूर टाकला की तो तसाच राहतो.

आम्ही सेक्शनसाठी असं बसवलं : पहिल्या ओळीत ‘सेक्शन’ आणि अक्षराचं टोकन, त्याच ओळीत कंसात स्केलचं टोकन, आणि दुसऱ्या ओळीत मूळ व्ह्यू ज्या शीटवर आहे त्या शीटच्या क्रमांकाचं टोकन. या दुसऱ्या ओळीनं त्या ऑपरेटरची तक्रार मिटली. सेक्शन पहिल्या शीटवर कापून इन्व्हेंटरच्याच ब्राउझर यादीत ओढून तिसऱ्या शीटवर नेला, तरी लेबलच सांगतं की रेघ शीट १ वर शोधा. उलट बाजूनं, रेघेजवळ ‘शीट ३ पाहा’ अशी छोटी नोटही आम्ही टाकतो. ती हातानं टाकावी लागते, म्हणून चेकिंगच्या यादीत तिला वेगळी ओळ दिली आहे.

स्केलबद्दल थोडा वाद झाला. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, प्रत्येक व्ह्यूखाली स्केल असावाच. माझं म्हणणं उलट होतं आणि मानकही तेच सांगतं : मुख्य स्केल टायटल ब्लॉकमध्ये, आणि त्यापेक्षा वेगळा असेल तिथंच तो व्ह्यूजवळ. प्रत्येकाखाली १:२, १:२, १:२ लिहीत गेलं की डोळा सरावतो, आणि एकच डिटेल ५:१ चं असेल तर नेमकं तेच नजरेतून निसटतं. शेवटी प्रोजेक्टेड (मूळ व्ह्यूवरून सरळ रेषेत काढलेल्या) व्ह्यूंचा स्केल बंद केला, डिटेलचा कायम चालू ठेवला.

लेबल व्ह्यूच्या वर की खाली? आयएसओप्रमाणे वर, अमेरिकन रीतीप्रमाणे खाली. आम्ही वर घेतलं.

अक्षराच्या उंचीचा प्रश्न मात्र वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. अक्षरांची उंची २.५, ३.५, ५, ७ मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मानकात ठरवलेली आहे. आमचं लेबल ३.५ चं होतं आणि स्क्रीनवर छान दिसायचं. पण शीट ए१ ची, आणि शॉपमध्ये जाते ती ए३ वर काढलेली प्रिंट, कारण ऑफिसात ए३ चाच प्रिंटर आहे. ए१ वरून ए३ म्हणजे लांबी-रुंदी निम्मी. ३.५ चं अक्षर १.७५ वर येतं, आणि शॉपमधल्या ट्यूबलाइटखाली, तेलाचं बोट लागलेल्या कागदावर ते वाचता येत नाही. मी वेगवेगळ्या उंचीची लेबलं टाकून ए३ वर प्रिंटा काढल्या, मशीनवर लावल्या आणि ऑपरेटर उभा राहतो तिथून वाचून घेतल्या. माहितीच्या ओळी ५ वर ठरल्या, सेक्शनची आणि बाणाची अक्षरं ७ वर. निम्मं झाल्यावरही ती २.५ आणि ३.५ राहतात.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट ठळक करावी लागली. ए१ चं ड्रॉइंग ए३ वर आलं की लेबलातला १:२ कागदावर प्रत्यक्षात १:४ झालेला असतो. लेबल खोटं नसतं, कागद लहान झालेला असतो. तेव्हा कागदावर पट्टी लावून माप काढायचं नाही, हे वाक्य टायटल ब्लॉकशेजारी मोठ्या अक्षरांत आणि शीटचा मूळ आकारही तिथंच लिहिला.

फाउंड्रीला जाणाऱ्या शीटवर बाजूंची नावं मराठीतही द्यायची ठरली. इन्व्हेंटर ट्रूटाइप फॉन्ट वापरतं, त्यामुळं देवनागरी सरळ आली. जुन्या ऑटोकॅड फायलींमध्ये ऑटोकॅडचे स्वतःचे एसएचएक्स फॉन्ट होते, तिथं अक्षरांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. त्या टेक्स्ट स्टाइलचा फॉन्ट बदलल्यावर ठीक झालं. पीडीएफ पाठवताना फॉन्ट फाइलमध्येच बसवला जातोय ना, ते एकदा दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघावं.

स्टाइल टेम्पलेटमध्ये आणि ऑफिसच्या स्टाइल लायब्ररीत जतन केली, म्हणजे नवी ड्रॉइंग जन्मतःच नीट निघतात. जुन्यांचं काम खरं किचकट. ज्या लेबलांमध्ये हातानं टाइप केलेलं होतं ती नवी स्टाइल लावून हलली नाहीत. आयलॉजिकमध्ये (इन्व्हेंटरमधली छोटे प्रोग्रॅम लिहायची सोय) एक छोटा नियम लिहून सगळ्या शीटवरच्या सगळ्या व्ह्यूंची लेबलं एका फटक्यात बदलता येतात, आणि तसं करायचा मोह होतोच. पण मी आधी बदलायचा नियम लिहिला नाही, यादी काढायचा लिहिला. प्रत्येक व्ह्यूच्या लेबलात काय मजकूर आहे ते फक्त एका फाइलमध्ये उतरवून घ्यायचं, ड्रॉइंगला हात लावायचा नाही. यादी वाचल्यावर ते बरं झालं असं वाटलं : कित्येक लेबलांमध्ये कुणीतरी विचार करून लिहिलेलं होतं. ‘दोन ठिकाणी’. ‘झाकण काढून दाखवलेला’. ‘९० अंश फिरवलेला’. सरसकट नियम चालवला असता तर हे सगळं पुसलं गेलं असतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. फिरवलेल्या व्ह्यूवर ती नोंद नसेल तर भोकांची दिशाच चुकते.

मग यादीचे दोन भाग केले. जिथं फक्त नाव आणि स्केल होता तिथं नियमानं बदल, तोही फायलींची वेगळी प्रत ठेवून. जिथं जास्तीचा मजकूर होता तिथं फाइल उघडून, तो मजकूर टोकनच्या खाली पुन्हा बसवून, हातानं. हा दुसरा भाग कंटाळवाणा आहे, पण मला तो आवडला. प्रत्येक ड्रॉइंगशी पुन्हा ओळख होते. डिटेल कशासाठी काढलं होतं, सेक्शन तिथूनच का कापला, हे समजायला लागतं. काही सेक्शन तर मला अनावश्यक वाटले होते. मिस्त्रींना विचारल्यावर कळलं की कोअर बॉक्सची (आतल्या पोकळीच्या साच्याची) भिंत त्याच कापात दिसते, ते ठेवले.

रिलीज झालेल्या ड्रॉइंगमध्ये लेबल बदललं तर रिव्हिजन वाढवायची का, हाही प्रश्न आला. माप बदललेलं नाही, पार्ट बदललेला नाही. तरी आम्ही वाढवली, आणि रिव्हिजनच्या रकान्यात ‘व्ह्यू लेबलं बदलली, मापं तीच’ असं स्पष्ट लिहिलं. जुनी प्रिंट आणि नवी प्रिंट एकाच मशीनवर असताना दोन्हींवर सारखीच रिव्हिजन आणि वेगवेगळी अक्षरं असणं मला कदापि चाललं नसतं.

सध्या गाडं अडलंय ते डाव्या-उजव्या जोडीच्या पार्टांवर. हळदीच्या ड्रमच्या दोन्ही टोकांना आरशातल्या प्रतिमेसारखी ब्रॅकेटं लागतात आणि आजवर एकाच ड्रॉइंगवर ‘डावा दाखवला आहे, उजवा उलट’ लिहून काम भागवलं जायचं. बाजूच्या नावांनी लेबलं द्यायला लागल्यावर ते पुरेना, कारण उजव्या ब्रॅकेटची ‘ड्रम बाजू’ कुठल्या हाताला ते त्या ड्रॉइंगवर दिसतच नाही. मी दोघांना वेगळी शीट आणि वेगळी लेबलं द्यावीत या मताची आहे. मॉडेल मिरर केलेलं असल्यानं व्ह्यू काढायला वेळ लागत नाही, मापं तेवढी पुन्हा लावावी लागतात. पहिल्या जोडीची दोन शीट तयार आहेत. पुढच्या आठवड्यात फाउंड्रीची गाडी आली की तिच्याबरोबर ती मिस्त्रींकडे वाचायला पाठवणार आहे.